जिंकला एक, गाजले तिघे

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये राहून नॅस्कार, म्हणजे इथलं कार रेसिंग, माहीत नाही म्हणणं म्हणजे कोल्हापुरात राहून कुस्ती काय असते विचारण्यासारखं आहे. बहुतेक टीम्सचे वर्कशॉप इथेच आसपास, मूर्सव्हिल, कॉन्कर्ड या बाजूला. शहराच्या मध्यात २०१० पासून नॅस्कारचं मोठं म्युझियम (हॉल ऑफ फेम) आहे, आणि ऑफिसमध्ये सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी काल कोणी कोणाला ठोकलं हाच विषय. घरून कोणी आलं की पाहुण्यांना एक दिवस म्युझियम ठरलेलं, आणि पाहुण्यांचा प्रश्नही ठरलेला. "अरे हे नुसते गोल गोल फिरतात, ह्यात बघायचं काय?" बाबांनी तर तिकिटाचे पैसे विचारले आणि मग पुढचा अर्धा तास काही बोललेच नाहीत.

आता मी समजावत बसत नाही. लॅपटॉप उघडतो आणि १९७९ ची डेटोना ५००, नॅस्कारची सगळ्यात मोठी रेस, लावतो. पूर्ण नाही, शेवटचा भाग. पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागते, तीच इथे लिहितोय.

तोपर्यंत स्टॉक कार रेसिंग हे अमेरिकेच्या दक्षिणेचं खूळ समजलं जायचं. बाहेरून दुकानात मिळणाऱ्या गाडीसारखीच दिसणारी गाडी, आतून पार बदललेली, आणि चालवणारे नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना, अलाबामाच्या गावातले मेकॅनिक टाइप लोक. १९७१ पासून पैसा सिगारेटवाल्यांचा, विन्स्टनचा, कारण टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या आणि त्यांच्याकडे उरलेल्या पैशाला जागा हवी होती (ह्या खेळाच्या इतिहासात असले योगायोग पावलोपावली आहेत). टीव्हीवर रेस दाखवायची म्हणजे तुकडे कापून, नाहीतर शेवटचा थोडा भाग लाइव्ह. न्यूयॉर्क-शिकागोचा माणूस तीन-साडेतीन तास हे बघत बसेल यावर चॅनेलवाल्यांचा विश्वासच नव्हता. सीबीएस चॅनेलने त्या वर्षी पहिल्यांदा हिंमत केली, ५०० मैलांची अख्खी रेस पहिल्या झेंड्यापासून शेवटच्या झेंड्यापर्यंत लाइव्ह.

तारीख १८ फेब्रुवारी, रविवार. आणि नेमकं त्याच वीकेंडला पूर्व किनाऱ्यावर असं बर्फाचं वादळ आलं की लोक घरात कोंडले गेले. बाहेर जाता येईना, टीव्हीवर चॅनेल मोजून तीन-चार. आमच्या शेजारचे काका (इथे त्यांना सगळे नावानेच हाक मारतात, माझ्या तोंडून काही ते निघत नाही, मी आपला सर म्हणतो) तेव्हा शाळेत होते, घर वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात. ते सांगतात की त्यांच्या घरात गाड्यांचं वेड कोणालाच नव्हतं, वडील अकाउंटंट, आई चर्चमध्ये पियानो वाजवायची, पण त्या दिवशी करायला दुसरं काही नव्हतं म्हणून सगळे सोफ्यावर, आणि संध्याकाळी वडील सोफ्यावर उभे राहून ओरडत होते. वडिलांना असं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं म्हणे.

तिकडे फ्लोरिडात डेटोनाला बर्फ नाही पण पाऊस. ट्रॅक ओला. अडीच मैलांचा ट्रॅक, म्हणजे चार किलोमीटर, आणि वळणावर रस्ता ३१ अंशांनी तिरका, चालत वर जायचं तर हात टेकावे लागतील इतका. म्युझियममध्ये तसा तिरका रस्ता करून त्यावर जुन्या गाड्या ठेवल्यात, आईने तो बघून पहिला प्रश्न केला की इथे पार्किंग ब्रेक लावला तर थांबते का. तर अशा ओल्या ट्रॅकवर स्पीड घेणं शक्यच नाही, पण रेस पुढे ढकलायची तर लाइव्ह टीव्हीचं काय? मग पहिले १५-१६ लॅप पिवळ्या झेंड्याखाली (म्हणजे धोक्याचा इशारा) हळू चालवले, गाड्यांच्याच उष्णतेने आणि वाऱ्याने ट्रॅक वाळवला. वाळला. पण आतल्या बाजूचं गवत ओलंच राहिलं, हे लक्षात ठेवा.

आता मंडळी. केल यारबरो, साउथ कॅरोलिनाचा, बुटका, दणकट, आदल्या तीन वर्षांचा सलग चॅम्पियन. त्याच्या गाडीचा मालक ज्युनियर जॉन्सन, ज्याच्यावर वेगळा लेख होईल. घरचा धंदा हातभट्टीचा, रात्री दारू भरलेली गाडी डोंगरातल्या रस्त्यांवरून पोलिसांना चुकवत पळवायची हेच त्याचं ड्रायव्हिंग स्कूल, ५६ साली पकडला जाऊन तुरुंगातही गेला, पुढे १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी माफी दिली. म्युझियममध्ये त्याने स्वतः बनवलेली हातभट्टी मांडून ठेवलीय, काचेत नीट, बाजूला माहितीची पाटी, शाळेच्या सहली येऊन बघतात! आपल्याकडे कल्पना करा.

समोर अलाबामाचे दोन भाऊ, डॉनी अ‍ॅलिसन आणि बॉबी अ‍ॅलिसन, वेगवेगळ्या टीममध्ये. बॉबी मोठा आणि जास्त नावाजलेला, डॉनी धाकटा. आणि सगळ्यांत वर 'किंग' रिचर्ड पेटी, नॉर्थ कॅरोलिनाचा, निळ्या-लाल रंगाची ४३ नंबरची गाडी, डेटोना ५०० तोवर पाच वेळा जिंकलेला. पण त्या वर्षी त्याच्यावर कोणी पैसे लावले नसते, लागोपाठ ४५ रेस एकही विजय नाही, आणि दोन-तीन महिन्यांपूर्वीच अल्सरमुळे पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं.

रेस सुरू होऊन थोड्याच वेळात, तिसाव्या लॅपच्या पुढेमागे, केल, डॉनी आणि बॉबी तिघे एकमेकांत अडकले आणि गवतात गेले. ते ओलं गवत. केलची गाडी चिखलात रुतली, तो तीन लॅप मागे पडला, डॉनी एक. इथे नॅस्कारचा तेव्हाचा एक नियम कामाला आला. पिवळा झेंडा पडला तरी फिनिश लाइनपर्यंत रेस चालूच राहायची (२००३ मध्ये हे बंद केलं, धोका होताच तेवढा), त्यामुळे तेवढ्यात सगळ्यात पुढे असलेल्याला गाठून ओलांडलं की एक लॅप परत मिळायचा. केलने असे एकेक करत तिन्ही लॅप भरून काढले. तीन लॅप म्हणजे बारा किलोमीटर हो, जगातल्या सगळ्यात फास्ट लोकांसमोर. मला विचाराल तर त्या दिवसाचा खरा पराक्रम हाच, पण कोणाला आठवत नाही.

शेवटच्या लॅपला चित्र असं. डॉनी पुढे, केल त्याच्या बंपरला चिकटून, बाकी सगळे अर्धा लॅप मागे. आणि इथेच 'गोल गोल फिरतात' वाल्यांना उत्तर आहे. पुढची गाडी हवा कापते, तिच्या मागे हवा पातळ होते, त्यामुळे मागच्याला कमी जोर लावून तोच स्पीड मिळतो आणि थोडी ताकद हातात शिल्लक राहते. ऐनवेळी बाजूला निघायचं आणि ती शिल्लक वापरून पुढे झेप घ्यायची. म्हणजे शेवटच्या लॅपला दुसऱ्या नंबरवर असणं हे पहिल्या नंबरपेक्षा बरं! हे डावपेच पहिल्यांदा नीट वापरले ते १९६० मध्ये ह्याच ट्रॅकवर, आणि कोणी, तर हातभट्टीवाल्या ज्युनियर जॉन्सनने, कमी ताकदीची शेवरले घेऊन तो ती रेस जिंकला होता. आता त्याचाच चेला तेच करणार हे डॉनीला माहीत, केलला माहीत, स्टँडमधल्या लाखभर लोकांना माहीत.

मागच्या सरळ रस्त्यावर केल आतून निघाला. डॉनी आत सरकला, दार बंद. केलची डावी चाकं गवतात. ब्रेक कोणीच मारला नाही. गाड्या एकमेकांवर आदळल्या, सुटल्या, परत आदळल्या, आणि तशाच एकमेकींना धरून तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर गेल्या आणि मग घसरत खाली गवतात येऊन थांबल्या. दोघंही संपले.

कॉमेंटेटर केन स्क्वायर ओरडतोय, कॅमेरे ह्या दोघांवर, आणि आता जिंकतंय कोण? कॅमेऱ्याला तो शोधावा लागला. अर्धा लॅप मागे पेटी, त्याच्या मागे डॅरेल वॉल्ट्रिप, आणि ए. जे. फॉइट. फॉइट मूळचा इंडीकारवाला (उघड्या चाकांच्या गाड्यांचं रेसिंग), तिथे पिवळा दिवा लागला की पाय उचलायचा, म्हणतात त्या सवयीनेच तो क्षणभर थबकला. पेटी थबकला नाही. वॉल्ट्रिपला जेमतेम एक गाडीभर मागे ठेवून तो जिंकला, सहावी डेटोना ५००, आणि त्याची टीम गाडीच्या टपावर, बॉनेटवर जिथे जागा मिळेल तिथे लटकून निघाली.

एवढ्यावर संपलं असतं तर ती एक चांगली रेस म्हणून राहिली असती. पण कॅमेरा परत गवताकडे गेला.

भाऊ ठीक आहे का बघायला बॉबी तिथे थांबला होता. केल आधीच तापलेला, त्याचं म्हणणं सुरुवातीचा तो अपघातही बॉबीमुळेच झाला. तो बॉबीच्या खिडकीशी गेला, शिव्यागाळी झाली, आणि हातातलं हेल्मेट बॉबीच्या तोंडावर हाणलं. बॉबी बाहेर. मग जे झालं ते एकदा तरी बघाच, केल लाथ मारायला जातो आणि बॉबी ती लाथ हवेतच पकडतो, त्यामुळे तीन वेळचा चॅम्पियन एका पायावर नाचतोय आणि मागून डॉनी हेल्मेट घेऊन येतोय आणि मध्ये पडणारे लोक चिखलात घसरतायत. आणि हे देशभर लाइव्ह, बर्फात अडकलेल्या लाखो लोकांसमोर. बॉबी पुढे आयुष्यभर सांगायचा की मी काहीच केलं नाही, केलच आपलं नाक माझ्या मुठीवर आपटत होता.

गंमत म्हणजे बहुतेकांना आठवतं ते केल विरुद्ध डॉनी. खरी हाणामारी केल आणि बॉबीची, डॉनीच्या वाट्याला त्यात फारसं काही आलंच नाही. तिघांना सहा-सहा हजार डॉलर दंड झाला, आणि दुसऱ्या दिवशी ज्या पेपरांनी ह्या खेळाला कधी विचारलं नव्हतं त्यांनी बातमी छापली. प्रेक्षकांचं रेटिंग १०.५, म्हणजे टीव्ही असलेल्या दर शंभर घरांपैकी साधारण दहा घरांत ही रेस लागली होती. दोन आठवड्यांनी रॉकिंगहॅमला पुढची रेस होती, तिथे सुरुवातीच्या काही लॅपमध्येच केल आणि डॉनी परत एकमेकांवर आदळले, ह्या वेळी पेटी आणि वॉल्ट्रिपलाही घेऊन, आणि ती रेस जिंकली कोणी? बॉबीने.

त्या डेटोनात आठवा आलेला एक नवखा पोरगा होता, डेल अर्नहार्ट. पुढची वीस वर्षं त्याची. पेटीने तो सीझनही जिंकला, सातवी आणि शेवटची चॅम्पियनशिप, वॉल्ट्रिपपेक्षा फक्त ११ पॉइंट जास्त. डॉनीला डेटोना ५०० कधीच मिळाली नाही, हॉल ऑफ फेममध्ये मात्र २०२४ ला घेतलं, त्याच्या काही दिवस आधीच केल गेला आणि त्याच वर्षाअखेरीस बॉबी.

चूक कोणाची यावर शेजारचे काका अजून तावातावाने बोलतात. ते केलच्या बाजूचे, त्यांचं म्हणणं डॉनीने त्याला ट्रॅकवर जागाच ठेवली नाही. माझी बायको डॉनीच्या बाजूची, पुढे आहे तो आपली लाइन धरणारच, मागच्याला एवढी घाई असेल तर बाहेरून जा की. मला वाटतं गवत ओलं आहे हे दोघांनाही सकाळपासून माहीत होतं आणि तरी पाय उचलायचा कोणी हा प्रश्न दोघांनीही समोरच्यावर सोडला. बाबांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "तो लंगडी घालतोय तो परत लाव." चार वेळा लावलं. यूट्यूबवर अख्खी रेस आहे, वेळ नसेल तर शेवटचे वीस लॅप बघा, आणि मग सांगा तुम्ही काकांच्या बाजूने की आमच्या घरच्या.