पाऊस ओसरल्यावरचा अपडेट: शेळ्या, त्यांच्यामागे कोंबड्या, आणि मग वाफे

मंडळी, पाऊस ओसरलाय, चिखल वाळायला लागलाय, आता जरा लिहायला वेळ मिळतोय. यावेळी भाज्यांचं नंतर, आधी शेळ्यांचं, कारण या मोसमात आमच्या जमिनीच्या तुकड्याचं सगळं वेळापत्रक शेळ्यांच्या जंतांनीच ठरवलं, अगदी गाजर कुठल्या वाफ्यात पेरायचं इथपर्यंत.

ओल्या दिवसांत शेळीला सगळ्यात जास्त कोण लोळवत असेल तर तो रक्त पिणारा जंत, हिमॉन्कस. एकेक मादी दिवसाला हजारो अंडी घालते, ती लेंड्यांबरोबर पडतात, आणि उबदार ओलावा असला की आठवड्याच्या आतच त्यातून रोग लावणाऱ्या अळ्या तयार होऊन गवतावर चढतात. फार वर मात्र चढत नाहीत, बहुतेक सगळ्या बुंध्याजवळच्या पाच-सात सेंटिमीटरमध्येच असतात. म्हणून यंदा जाळीचे छोटे कप्पे पाडले, एका कप्प्यात तीन-चार दिवस चराई आणि मग निदान पाच आठवडे तिकडे फिरकायचं नाही. चरून गवत 10 सेंटिमीटरपर्यंत खाली आलं की दिवस भरलेले नसले तरी शेळ्या कप्प्याबाहेर. सकाळचं दव उतरेपर्यंत गोठ्यातच सुका चारा, मग त्या कितीही बोंबलू देत. झुडपांचा पाला जमेल तेवढा कापून वर टांगून दिला, तसंही शेळीला खाली मान घालून चरण्यापेक्षा वर मान करून ओरबाडायलाच आवडतं.

जंताचं औषध सगळ्या कळपाला एकदम पाजणं मी बंद केलंय. त्याऐवजी दर पंधरवड्याला खालची पापणी उलटून आतला रंग बघायचा आणि ‘फमाचा’ (FAMACHA) नावाच्या तक्त्याशी जुळवायचा (दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला तक्ता आहे, 1 म्हणजे लालबुंद, 5 म्हणजे पांढराफटक). 4 आणि 5 ला औषध, 3 असेल तर शेळी गाभण आहे का, रोडावलीय का, जबड्याखाली सूज आहे का हे बघून ठरवायचं, 1-2 ला हात लावायचा नाही. सरसकट पाजलं की औषधाला न जुमानणारे तेवढे जंत मागे उरतात आणि पुढची सगळी पैदास त्यांचीच होते. पण एक लक्षात ठेवा, हा तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या जंतापुरता आहे, पापणी लाल असून हगवण लागली असेल तर कारण वेगळं शोधायचं, लेंड्या तपासायला द्यायच्या. आणि डोस वजन करून, डॉक्टरांना विचारून, कारण मेंढीचा डोस शेळीला बऱ्याच औषधांत कमी पडतो.

शेळ्या हलल्या की त्या कप्प्यात कोंबड्या. त्या लेंड्या उकरून पसरवतात, ऊन लागतं, सगळं लवकर वाळतं. शेळीचा हा जंत कोंबडीच्या पोटात वाढत नाही, त्यामुळे मागोमाग सोडायला हरकत नाही, उलट फुकटचे मजूर.

आता वाफे. पावसाळी भेंडी आणि चवळी संपल्यावर त्या वाफ्यांतही कोंबड्या सोडल्या, त्यांनी तण आणि किडे चांगले साफ केले. पण ताजी विष्ठा पडलेल्या जागेत मातीला टेकणारी भाजी काढायची असेल तर मी 120 दिवस धरतो, मातीला न टेकणाऱ्या फळभाजीसाठी 90. पालक महिना-दीड महिन्यात कापायला येतो म्हणजे तिथे पालकाचा प्रश्नच नाही. तिथे टोमॅटो गेले, तेही लागवड थोडी लांबवून आणि काठीला बांधून, खाली आच्छादन करून. गाजर, पालक, मेथी गेली कोंबड्या न फिरलेल्या वाफ्यांत, नीट कुजलेल्या खतावर. गाजराला तसंही ताजं खत सोसत नाही, मुळं फाटतात. ते उगवायलाही सावकाश, दोन आठवडे वाफा वरून ओला ठेवावा लागतो, मी गोणपाट टाकतो आणि पहिली टोकं दिसली की लगेच काढतो.

खताचा ढीग मस्त तापलाय. कोंबडीच्या विष्ठेत नत्र फार, त्यामुळे नुसती टाकली की अमोनियाचा वास सुटतो, भरपूर सुका पाला आणि गोठ्यातलं उरलेलं काड घातलं की बसतो. आत 55 अंशाच्या वर पंधरा दिवस टिकवायचं आणि तेवढ्यात पाच वेळा पालटायचं, हे पाळलं तर मग कुठल्याही वाफ्यात बिनधास्त. पाठ मोडते ती वेगळी.

अंडी घटलीत, ते अपेक्षितच होतं. दिवस लहान झाला की जुन्या कोंबड्या पिसं गाळतात, आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे अंड्याला काही उरत नाही. या दिवसांत खाद्यातलं प्रथिन थोडं वाढवतोय, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, ज्याला हवा ती खाईल. दिवा लावून 14-16 तास उजेड दिला तर अंडी चालू राहतात, पण मी नाही लावत, त्यांनाही सुट्टी हवीच की. तलंगा (नव्यानेच अंड्यावर आलेल्या कोंबड्या) मात्र पहिल्या थंडीतही घालतायत, तेवढ्यावर भागतंय.

बोकड अजून वेगळाच ठेवलाय. शेळी साधारण 150 दिवसांनी विते, म्हणजे आत्ता सोडला तर करडं ऐन उन्हाच्या तोंडावर येणार, हिरवा पाला संपलेला आणि आईला दूध नाही. थंडी उतरणीला लागली की सोडेन, करडं पावसाच्या तोंडावर येतील. ओलाव्याचा धोका आहे, म्हणून गोठ्यातला उंच लाकडी माच त्याआधी उरकायचाय. फळ्यांमध्ये फट किती ठेवलीत, म्हणजे लेंड्या खाली पडतील पण करडाचा पाय अडकणार नाही, हे ज्यांनी केलंय त्यांनी नक्की सांगा.