नोंद करणारा: अज्ञात

‘नोंद करणारा: अज्ञात.’

स्क्रीनवर हे उमटलं आणि माझा हात माऊसवरच थांबला.

आज मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) पॅरिश ऑफिसात, म्हणजे आमच्या चर्चच्या कचेरीत बसून सॉफ्टवेअरमधली जुनी खाती काढत होते. युजर सतरा, वापरणारे आम्ही तिघं. बाकी कुणी कॅनडाला, कुणी लग्न होऊन दुसऱ्या पॅरिशला. आत घरोघरचे फोन नंबर, वर्गणी, सगळं. असे पासवर्ड चालू ठेवणं बरं नव्हेच. म्हणून फटाफट डिलीट.

पाचवं खातं उडवलं आणि ते जिचं होतं, तिनं भरलेल्या बाप्तिस्म्यांपुढे हे ‘अज्ञात’ आलं.

सहावं खातं मास्तरांचं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. जुनी बाप्तिस्म्याची रजिस्टरं त्यांनीच रात्री जागून टाइप केलेली, समासात पुढे चढवलेल्या त्याच माणसांच्या लग्नांच्या नोंदींसकट. (चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधायचे!)

फादर मागून म्हणाले, “डिलीट नको गं, नुसतं बंद कर. लॉगिन जाईल, नाव राहील.”

कागदी रजिस्टरात फादर बदलतात, सही जागेवर राहते. इथे एका क्लिकमध्ये माणूस पुसला जातो.

मास्तर राहिले. पण आधीच्या पाच जणांचं काय? बॅकअप कुणी घेतला होता का?