रक्तदानानंतर दम कमी पडला आणि एका फेरिटिनच्या रिपोर्टने डोकं उठवलं

गणपतीत आमच्या इथल्या मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं. हिमोग्लोबिन १३ होतं, किमान १२.५ लागतं, ३५० मिली घेतलं, बिस्किट-कॉफी झाली, घरी आले, काही त्रास नाही. खरी गंमत नंतर, म्हणजे मी वेताळ टेकडीवर पळते, डिसेंबरातल्या पुणे मॅरेथॉनमध्ये हाफ, म्हणजे २१ किलोमीटर, करायची होती, आणि टेकडीचा एआरएआय संस्थेच्या बाजूचा जो चढ मी बोलत बोलत चढायचे तिथे खाणीपर्यंत येईस्तोवर धाप लागायला लागली. घड्याळात पल्स १७० च्या आसपास, त्याच स्पीडला आधी १५० असायची.

पहिले काही दिवस असं होणारच, ते मला माहीत होतं. रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, एक-दोन दिवसांत भरून येतो, म्हणून चालताना, घरकाम करताना काहीच जाणवत नाही. लाल पेशी भरायला मात्र चार ते आठ आठवडे लागतात आणि ऑक्सिजन त्याच वाहून नेतात, त्यामुळे चढ आणि जोरात पळायचा सराव आधी मार खातो. सपाटीवर सावकाश पळायला तेवढं जड जात नाही. पण दिवाळी तोंडावर आली तरी तसंच, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन १२.६. बॉर्डरला आहे म्हणाले, आणि मी लांबचं पळते म्हटल्यावर त्यांनी स्वतःच सिरम फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची टेस्ट, लिहून दिली. इथपर्यंत सगळं सरळ.

आता लॅब. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलीने प्रिस्क्रिप्शन बघितलं, म्हणाली मॅडम आयर्न प्रोफाइल करून टाका, त्यात सगळं येतं. मी विचारलं फेरिटिन येतं ना, हो हो येतं. रक्त दिलं, पैसे भरले. रिपोर्ट आला तर त्यात सिरम आयर्न, टीआयबीसी (रक्त किती लोह वाहू शकतं ते), सॅच्युरेशन (त्यातलं किती भरलंय ते), आणि फेरिटिनचा पत्ताच नाही. परत गेले. तर म्हणे "मॅडम, आयर्न आहे की त्यात, तेच असतं." तेच नसतं हो! सिरम आयर्न म्हणजे त्या घडीला रक्तात फिरणारं लोह, सकाळ-संध्याकाळ बदलतं, काय खाल्लं त्यावर बदलतं. फेरिटिन म्हणजे साठा. हातातल्या पर्समध्ये पैसे आहेत आणि तांदळाच्या डब्यात जपून ठेवलेले संपलेत, हे पर्स उघडून कसं कळणार? हे मी तिला शांतपणे सांगितलं, मागच्या रांगेतले आजोबा पण ऐकत होते, तर उत्तर काय, सॅम्पल आता ठेवलेलं नाही, परत द्यावं लागेल आणि वेगळं बिल होईल.

मी तिथेच खुर्चीवर बसले. एका हातात प्रिस्क्रिप्शन, त्यावर स्वच्छ अक्षरात सिरम फेरिटिन, दुसऱ्या हातात त्यांची पावती, त्यावर आयर्न प्रोफाइल. तुमच्या सरांना बोलवा म्हटलं, ते येईपर्यंत उठणार नाही. बराच वेळ कोणी येईना, मग एकदाचे आले, दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा कुठे पैसे न घेता सॅम्पल घेतलं. मला याचा आजही अभिमान आहे. त्यानंतर ऑनलाइन नुसतं "प्रोसेसिंग", फोन केला की सिस्टीम स्लो आहे, आणि रिपोर्ट आला तेव्हा १४. त्यांची रेंज १० ते १२० छापलेली, म्हणून आकडा ठळक नाही की स्टार नाही. काउंटरवर "नॉर्मल आहे मॅडम". डॉक्टर बघताक्षणी म्हणाले साठा तळाला गेलाय, १५ च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता धरायची, पळणाऱ्या बाईने यावर समाधान मानू नये. तेव्हा सुई टोचायच्या आधी पावतीवर फेरिटिन हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि रिपोर्ट डॉक्टरांकडून वाचून घ्या, काउंटरवरून नाही.

हिशोब साधा आहे. ३५० मिली रक्तातून साधारण दीडशे मिलीग्राम लोह जातं, आणि जेवणातून अंगी लागतं रोजचं एक-दोन मिलीग्राम, त्यातलंही बरंचसं रोजच्या झिजेत जातं, बायकांचं पाळीतही जातं. मग नुसत्या पालकावर महिनोन् महिने जाणारच, त्यात पालकातलं लोह शरीराला नीट मिळतही नाही.

मला डॉक्टरांनी गोळी दिली, एक दिवसाआड. मनाने घेऊ नका, लोह जास्त झालं तरी वाईट. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे आणि पळून आल्यावर अमृततुल्यला थांबणं बंद केलं, म्हणजे चहा सोडला नाही, जेवण किंवा गोळीपासून तासभर लांब ठेवला, कारण चहा-कॉफी लोह अडवतात. आळिवाचे लाडू, मटकीची उसळ वरून लिंबू पिळून, टोमॅटोची आमटी लोखंडी कढईत. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती पण लोहाच्या गोळीबरोबर नको.

पळण्याचं म्हणाल तर रक्त दिल्यावर पहिले २४ तास काही नाही, भरपूर पाणी. मग घड्याळातला स्पीड न बघता पल्स बघून पळायचं, बोलता येईल इतकंच. डिसेंबरात मी हाफ सोडून १० किलोमीटर पळले, तेव्हा वाईट वाटलं, पण जानेवारीअखेर सिंहगड आतकरवाडीतून न थांबता चढले आणि वर पिठलं-भाकरी खाताना जो आनंद झाला तो कुठल्याच मेडलला झाला नव्हता. फेरिटिन तेव्हा ३८ होतं.

रक्त देणं मी थांबवणार नाही. बायकांना दोन वेळांमध्ये १२० दिवसांचं अंतर लागतं, पुरुषांना ९०, पण मी आता फेरिटिन बघूनच देणार, आणि मॅरेथॉन झाल्यावर, आधी नाही. टेस्टबद्दल एक राहिलं, ताप-सर्दी असताना किंवा लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी फेरिटिन करू नका, त्याने अंगात आतून सूज येते आणि सूज असली की आकडा खोटा वर जातो. आणि गोळीने शी काळी होते, ते सहसा गोळीचंच असतं, घाबरू नका.