आधी बास, मग गाणं: बरोकच्या अभ्यासाची पुढची नोंद

मागच्या नोंदीनंतर माझी ऐकण्याची पद्धत बदलली. कोणतीही बरोक (साधारण १६०० ते १७५० मधल्या युरोपीय संगीतातली) रचना घेतली की आधी तिची सगळ्यात खालची ओळ, म्हणजे बास, डाव्या हाताने वाजवायची. ती बोटांत बसेपर्यंत रेकॉर्डिंग लावायचं नाही. गायक, व्हायोलिन, तानांची आतषबाजी, सगळं नंतर. रेसिटेटिव्ह, अरिया, पासाकाल्या, शाकोन या नावांच्या गर्दीत जे नुकतेच शिरले आहेत, त्यांना मी हाच रस्ता सुचवेन. १६०० च्या सुमारास इटलीत जे नवं घडलं, त्याचा पाया या खालच्या ओळीतच आहे.

त्याआधीच्या संगीतात चार-पाच आवाज एकमेकांत विणलेले असत आणि सगळ्यांचा मान सारखा. फ्लॉरेन्समध्ये काउंट बार्दी यांच्या घरी जमणाऱ्या मंडळींना हे खटकत होतं. त्यांच्यातला विंचेन्झो गॅलिली (खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील) याने १५८१ मध्ये छापलेल्या ग्रंथात तक्रार मांडली, की या विणकामात शब्द हरवतात आणि भाव पोचत नाही. यावर तोडगा निघाला तो असा: वर एकच गळा, खाली एकच बास, आणि मधली जागा वादकाने जागच्या जागी भरायची. रचनाकार जाकोपो पेरीची ‘एउरिदिचे’ ६ ऑक्टोबर १६०० रोजी फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात झाली. निमित्त होतं मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या विवाहाचं. संपूर्ण उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ऑपेरा. छापील प्रतीच्या प्रस्तावनेत पेरीने आपली युक्ती सांगितली आहे: बोलण्यातला जो शब्द सुरावर टेकतो तिथे बास बदलायचा, आणि मधल्या धावत्या शब्दांखाली तो स्थिर ठेवायचा. हेच रेसिटेटिव्ह. हे वाचल्यावर ‘एउरिदिचे’ मला पहिल्यांदा कंटाळवाणी वाटली नाही, कारण बास कधी हलतो याची वाट बघत ऐकता आलं.

मधले स्वर कोणते भरायचे हे सांगणारे, बासच्या स्वरांवर छापलेले आकडे आता बऱ्यापैकी वाचता येतात. काहीच लिहिलेलं नसेल तर त्या स्वरापासून तिसरा आणि पाचवा. ६ असेल तर पाचव्याऐवजी सहावा. ४-३ असेल तर चौथा स्वर रोखून धरायचा आणि मग तिसऱ्यावर सोडायचा. तो सोडतानाचा सुटकेचा क्षण हाताला इतका आवडतो, की मी तो गरजेपेक्षा जास्त लांबवतो. ७ आला की पुढे काहीतरी सुटणार हे कानाला आधीच कळू लागलंय. उजव्या हाताची चाल अजून जड आहे, पण संथ लयीतला कॉन्टिन्युओ (आकड्यांवरून भरायची ही साथ) न थांबता पार पडतो.

इटालियन रचनाकार मोंतेवेर्दीच्या ‘ऑर्फेओ’वर मात्र मुक्काम पडला. मांतुआच्या गोंझागा दरबारात १६०७ च्या फेब्रुवारीत हा ऑपेरा झाला आणि १६०९ मध्ये व्हेनिसला छापला गेला. बास कोणत्या वाद्यांनी धरायचा हे या छापील प्रतीत ठिकठिकाणी लिहिलेलं आहे. दुसऱ्या अंकात आनंदीआनंद चालू असतो आणि अचानक ऑर्फेओच्या बायकोच्या, एउरिदिचेच्या, मृत्यूची बातमी घेऊन दूती येते. तिच्या पहिल्या उद्गाराशी सूचना आहे: लाकडी नळ्यांचा ऑर्गन आणि एक कितारोने, म्हणजे लांब मानेचं, खर्जाच्या तारांचं ल्यूट. ती काय सांगणार आहे हे रंगमंचावर कुणालाच ठाऊक नसतं. तरी खालच्या आवाजाचा रंग बदलला की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मृतांना नदीपार नेणारा नावाडी कारोन्ते येतो तेव्हा बास जातो रीगलकडे, म्हणजे पत्तीच्या कर्कश आवाजाच्या छोट्या ऑर्गनकडे. पात्राच्या स्वभावाचं काम वाद्यावर सोपवायचं, ही सूझ १६०७ मधली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता या महिन्यांतला सर्वांत आवडता भाग, शोकाचा बास. आपल्या स्वरांत सांगायचं तर सां, कोमल नी, कोमल ध, प. चार पायऱ्या उतरायच्या, पुन्हा वर जायचं, पुन्हा उतरायचं. मोंतेवेर्दीच्या १६३८ च्या आठव्या माद्रिगाल-संग्रहातला (माद्रिगाल म्हणजे कवितेवर रचलेलं, अनेक आवाजांचं गाणं) ‘लामेंतो देल्ला निन्फा’ याच चार स्वरांवर उभा आहे, आणि ते चौतीस वेळा येतात. प्रियकराने सोडलेली तरुणी, म्हणजे निन्फा, गाते. दोन टेनर आणि एक बास गायक बाजूला उभे राहून तिची कीव करतात. मोंतेवेर्दीची सूचना अशी, की त्या तिघांनी हाताने दिलेल्या लयीत गावं, आणि तिने मात्र मनाच्या भावनेच्या लयीत.

तबला सोलोला लेहरा जसा धरतात तसाच हा बास वागतो. तेच चक्र फिरत राहतं आणि वरचा कलाकार त्यावर आपलं काम करतो. फरक समेचा. आपल्याकडे सगळा हिशेब समेवर येऊन मिळण्यासाठी असतो. इथे निन्फाची ओळ बासचं आवर्तन संपतं तिथे संपतच नाही. ती सांध्यावरून पलीकडे जाते, मध्येच थांबते, उशिरा उचलते. माझा कान आधी प्रत्येक वेळी सम शोधायचा. डाव्या हाताने चक्र वाजवत वरची ओळ तोंडाने म्हणायला लागल्यावर उमगलं, की ती समेला भेटत नाही यातच तिचं दुःख आहे. हा सराव जरूर करा.

तेच चार स्वर शुद्ध केले, सां नी ध प, तर काय होतं? मोंतेवेर्दीच्या ‘पोप्पेआ’ या ऑपेराच्या (व्हेनिस, १६४३) शेवटी नीरो आणि पोप्पेआचं ‘पुर ती मीरो’ हे युगुलगीत आहे. त्याचा बास असाच उतरतो, आणि निखळ शृंगार ऐकू येतो. हे गीत मोंतेवेर्दीचंच आहे का याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याने माझ्या आनंदात काही उणं होत नाही.

बार्बारा स्ट्रोत्झीच्या १६५१ च्या संग्रहातला ‘लेराक्लितो आमोरोसो’ ऐकला नसेल तर या आठवड्यात ऐकाच. तीच उतरण, पण स्ट्रोत्झी काही ठिकाणी बासला मोकळं सोडते आणि पुन्हा जागेवर आणते.

पर्सेल या इंग्रज रचनाकाराकडे यायला मी मुद्दाम उशीर केला. त्याचा ऑपेरा ‘डायडो अँड एनीअस’ १६८९ च्या सुमाराला चेल्सीतल्या मुलींच्या शाळेत झाला. डायडोच्या अखेरच्या गाण्याखालची उतरण अर्ध्या-अर्ध्या स्वराने येते: सां, नी, कोमल नी, ध, कोमल ध, प, आणि तिथून सावरत परत षड्जावर. हा बास पाच मात्राखंडांचा आहे. चार किंवा आठ असते तर गाणं त्यावर सरळ बसलं असतं. पाचामुळे गळा आणि बास सतत एकमेकांना चुकवत राहतात. ती ‘माझी आठवण ठेवा’ म्हणते ते एकाच स्वरावर, आणि खालची जमीन मात्र सरकत असते. हात बासवर असताना हे ऐकलं की आपणच तिला खाली नेतो आहोत असं वाटतं. काही वेळा मला वाजवणं थांबवावं लागलं.

बाखच्या बी मायनर मासमधला (मास म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं संगीत) ‘क्रुसिफिक्सुस’ याच घराण्यातला. मूळ संगीत १७१४ च्या एका कँटाटातलं, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीच्या छोट्या धार्मिक रचनेतलं. अर्ध्या स्वरांनी उतरणारा बास तेरा वेळा येतो. ख्रिस्ताला पुरल्याचे शब्द येतात तेव्हा वरची वाद्यं गप्प होतात, आणि शेवटच्या फेरीत बास नेहमीची वाट सोडून मेजरमध्ये वळतो. बारा वेळा वाजवल्याशिवाय त्या तेराव्या वळणाची किंमत कळत नाही.

सुरावटीबद्दल थोडं. डिजिटल पियानोवर सूरजुळणी मीनटोन या जुन्या पद्धतीवर टाकली आणि पट्टी ४१५ हर्ट्झवर आणली. आजच्या ४४० हर्ट्झच्या ‘ला’पेक्षा ही साधारण अर्धा स्वर खाली. मीनटोनमध्ये तिसरा स्वर ५:४ या गुणोत्तरात येतो, म्हणजे चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून उमटणारा गंधार. हार्मोनियमचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) चढा असतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला मोंतेवेर्दी या जुळणीत ताबडतोब घरचा वाटतो. मात्र दूरच्या पट्टीत गेलात तर काही स्वरजोड्या अक्षरशः ओरडतात, आणि त्या काळचे रचनाकार तिकडे फारसे का फिरकत नसत हेही समजतं.

हेंडेलच्या दा कापो अरिया, म्हणजे पहिला भाग, वेगळा दुसरा भाग, मग पहिलाच भाग सजवून, यावर या वेळी फार थांबलो नाही. ‘रिनाल्दो’मधली (लंडन, १७११) ‘लाश्या किओ प्यांगा’ तेवढी बासवरून वाजवली. साराबांदची संथ तीनची चाल आणि अगदी मोजका बास. सजावटीसाठी गायकाला किती जागा ठेवली आहे ते त्यातून दिसतं.

सध्या हातात आहे ऑर्फेओचं तिसऱ्या अंकातलं ‘पोस्सेंते स्पिर्तो’. त्यात गायकाची ओळ दोनदा छापली आहे, एक साधी आणि एक तानांनी भरलेली. प्रत्येक कडव्याला वाद्यं बदलतात, आधी व्हायोलिन, मग कॉर्नेट्टो (एक जुनं लाकडी फुंकवाद्य), मग हार्प. कडवी मात्र जवळजवळ एकाच बासवर रचलेली आहेत. पहिल्या दोन कडव्यांचा बास पाठ झाला. साधी ओळ त्यावर म्हणता येते. तानांची ओळ अर्ध्या लयीत सुरू केली आहे आणि हार्पच्या कडव्याचे आकडे मी स्वतः भरतो आहे. कुणी हे कडवं कितारोने किंवा गिटारवर बसवलं असेल तर मधले स्वर कसे मांडले ते सांगा, मला माझ्या मांडणीशी ताडून बघायचं आहे. त्यानंतर लुलीच्या ‘आर्मीद’ या फ्रेंच ऑपेरातला (१६८६) पासाकाय, म्हणजे फिरत्या बासवरचं नृत्य, घेणार आहे, तिथेही उतरणारे चार स्वरच आहेत, फक्त त्यांवर नाच चालतो.