ईईओसीची मध्यस्थी: समोर बसणाऱ्याला सहीचा अधिकार आहे का?

ईईओसी म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारी अमेरिकेची सरकारी संस्था. तिच्या मध्यस्थीला जाणार असाल तर कंपनीकडून कोण येणार आणि त्याला जागच्या जागी होकार देता येतो का, हे आधी मध्यस्थाकडून लेखी विचारून घ्या. बाकीचं मागाहून वाचलंत तरी चालेल.

मला टीम लीडची जागा नाकारली, कारण काय तर 'ग्राहकांना तुमचे उच्चार कळत नाहीत'. त्याच ग्राहकांशी कित्येक वर्षं फोनवर मीच बोलत होते! अमेरिकेत उच्चारांवरून असं डावलणं १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या 'टायटल सेव्हन'खाली राष्ट्रीय मूळावरून केलेला भेदभाव ठरू शकतं. उच्चारांमुळे कामात खरंच अडथळा येतो हे कंपनीला दाखवता आलं, तर गोष्ट वेगळी. कायदा १५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना लागू आहे. मी ईईओसीकडे तक्रार नोंदवली, मध्यस्थीबद्दल विचारणा झाली, मी हो म्हटलं आणि कंपनीनेही हो म्हटलं. इथवर कुठेच अडलं नाही.

अडलं ते प्रत्यक्ष बैठकीत. बैठक व्हिडिओवर होती. मध्यस्थ बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की इथलं बोलणं गोपनीय राहील आणि तपास करणाऱ्यांपर्यंत जाणार नाही. मी माझी बाजू मांडली. मग दोन्ही पक्षांना व्हिडिओवरच्याच वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि बाई इकडून तिकडे निरोप नेऊ लागल्या. कंपनीकडून एचआरच्या एक बाई आणि वकील आले होते. माझ्या मागण्या साध्या होत्या: पुढच्या जागेसाठी माझा रीतसर विचार व्हावा, फाइलमधला उच्चारांबद्दलचा शेरा काढावा आणि पगारातला फरक मिळावा. प्रत्येक मागणीला एकच उत्तर येई, 'वर विचारून सांगतो.' वर म्हणजे कोण, तर एक उपाध्यक्ष, आणि ते प्रवासात. मी एकटी पडद्यासमोर बसून राहायची. मध्यस्थ बाई यायच्या, 'अजून थोडा वेळ' म्हणायच्या आणि जायच्या. शेरा काढायला काय लागतं? त्यालाही 'वर' विचारायचं! त्यातच वकिलाने सुचवलं की आज तत्त्वतः मान्य म्हणू, आकडा नंतर ठरवू. मी सरळ नाही म्हटलं, आणि ते नाही म्हटल्याचं मला आजही बरं वाटतं. अशी बैठक साधारण तीन-चार तास चालते म्हणतात. आमचा तेवढा वेळ गेला आणि कागदावर एक ओळ उमटली नाही. चिडून मी मध्यस्थी सोडणारच होते. ऐच्छिक असल्यामुळे उठून जाता येतं, आणि मग तक्रार तपासाकडे जाते. पण मिटलेल्या प्रकरणांना मध्यस्थीत सरासरी तीन महिन्यांहून कमी लागतात आणि तपासाला दहा महिने किंवा त्याहून जास्त, असं ईईओसीच सांगते. म्हणून थांबले. मध्यस्थ बाईंनी कंपनीला कळवलं की पुढच्या वेळी निर्णय घेणारी व्यक्ती हजर हवी. उपाध्यक्ष स्वतः आले आणि दुपारच्या आत सगळं मिटलं. म्हणजे तो आधीचा अख्खा दिवस फुकट गेला होता.

करारावर सही करण्याआधी पैसे कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आणि शेरा कधी निघणार, हे तारखेसकट लिहून घ्या. 'लवकरात लवकर' चालवून घेऊ नका. असा करार मोडला तर कोर्टात जाता येतं. कंपनी त्यात चूक कबूल करत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. वकील नेता येतो, पण सक्ती नाही. मी नेला नव्हता. मध्यस्थीचे पैसे पडत नाहीत.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: तक्रारीला मुदत १८० दिवसांची असते. जिथे राज्याची किंवा स्थानिक यंत्रणाही असा कायदा राबवते तिथे ३०० दिवस. एचआरकडे अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. एचआर 'बघतो' म्हणत असलं तरी तुम्ही दिवस मोजत राहा.

आणि पगारातल्या फरकाच्या रकमेतून कर कापूनच पैसे हातात येतात. आकडा मागताना ते धरूनच मागा.