सुई हलण्याआधी: बोटीच्या इंजिनाची शीतकरण व्यवस्था

बोटीचे इंजिन तापून बंद पडले की तापमानदर्शकाची सुई शेवटपर्यंत जागची हललीच नव्हती, अशी तक्रार हमखास ऐकू येते. तक्रार खोटी नसते, परंतु सुईकडून ठेवलेली अपेक्षा चुकीची असते. सुई तापमान दाखवते, पाण्याचा प्रवाह दाखवत नाही. प्रवाह कमी होऊ लागला की थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडझाप करणारी झडप) अधिक उघडतो आणि तापमान पूर्ववत राखतो, त्यामुळे व्यवस्थेतील शिल्लक क्षमता पूर्ण संपेपर्यंत बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नाही. बंद वर्तुळात कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फिरवणाऱ्या इंजिनांत तर याहून विचित्र गोष्ट घडू शकते: गळतीमुळे कूलंटची पातळी संवेदकाच्या खाली गेली, तर तो कोरडा पडतो आणि इंजिन भाजून निघत असताना सुई उलट खाली येते. म्हणून शीतकरणाची देखभाल म्हणजे मुख्यतः पाण्याच्या वाटेची देखभाल होय, असे माझे मत आहे, आणि ही वाट जिथे सुरू होते तिथून तपासत जाणे ही त्यातील सर्वांत सोपी पद्धत आहे.

या वाटेचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. बहुतेक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेली) आणि काही इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेली) इंजिने बाहेरचे पाणी आत ओढून थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरवतात आणि बाहेर टाकतात. इतर इनबोर्ड इंजिनांत ब्लॉकमधून कूलंट फिरते आणि बाहेरचे पाणी केवळ हीट एक्स्चेंजरमध्ये त्या कूलंटची उष्णता घेऊन, पुढे एक्झॉस्टच्या वायूंमध्ये मिसळून निघून जाते. दोन्ही प्रकारांत बाहेरचे पाणी ओढण्याचे काम बहुधा रबरी पात्यांचा एक लहानसा पंप करतो, आणि माझ्या मते देखभालीतील निम्मे लक्ष एकट्या या पंपाकडे द्यायला हवे.

या पंपाचे घर मुद्दाम एका बाजूला फुगीर असते. इम्पेलर, म्हणजे पंपातील रबरी पात्यांचे चाक, फिरताना त्याची पाती अरुंद बाजूला दबतात आणि रुंद बाजूला पुन्हा सरळ होतात, आणि पात्यांमधील जागा अशी कमीजास्त होत राहिल्यामुळे पाणी ओढले व ढकलले जाते. पात्यांना वंगण मिळते ते केवळ त्या पाण्याचेच. सी-कॉक (बाहेरचे पाणी आत घेणारी बोटीच्या तळाची झडप) उघडण्याचे विसरून इंजिन चालू केले, किंवा आउटबोर्ड पाण्याबाहेर असताना क्षणभर आवाज ऐकण्याच्या मोहाने सुरू केले, तर कोरडे रबर धातूवर घासून फार थोड्या वेळात जळते. इंजिन चालवले नाही तरी इम्पेलर म्हातारा होतोच, कारण दबलेली पाती महिनोन्महिने तशीच राहिली की ती वाकडीच कडक होतात आणि त्यांच्या मुळाशी चिरा पडतात. वर्षातून एकदा किंवा उत्पादकाने पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा इम्पेलर बदलावा. जुना चांगला दिसतो म्हणून पुन्हा बसवण्याची काटकसर मला कधीच पटलेली नाही.

नवा इम्पेलर बसवताना पाती शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेला अनुसरूनच वाकतील याची खात्री करावी आणि त्यांना ग्लिसरीन किंवा भांडी घासण्याचा द्रव साबण लावावा. साधे ग्रीस पेट्रोलियमपासून बनलेले असते आणि त्याने काही प्रकारचे रबर फुगते. इम्पेलरला शाफ्टशी जखडणारी छोटी पट्टी (की) हातातून निसटण्यात पटाईत असते, म्हणून खाली कापड अंथरून काम करावे. पंपाच्या झाकणाच्या आतील बाजूवर नखाला लागतील इतके खोल चरे असतील, तर नवा इम्पेलरही पुरेसे पाणी ओढणार नाही. अशा वेळी झाकण बदलावे. शाफ्टच्या दोन सीलांमधील बारीक छिद्रातून पाणी ठिबकत असेल, तर पाण्याचे सील गेले आहे असे समजावे. पंप इंजिनाच्या गियरवर चालत असेल, तर तेलात पाणी जाण्यापूर्वीच्या या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये.

जुन्या इम्पेलरची पाती मोजणे हे या कामातील सर्वाधिक टाळले जाणारे पाऊल आहे. एखादे पाते तुटलेले असेल, तर तो तुकडा पाण्याबरोबर पुढे गेलेला असतो आणि हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी, एखाद्या वळणावर किंवा थर्मोस्टॅटच्या घरात अडकून बसतो. नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापत राहते ते बहुतेकदा यामुळेच. सर्व तुकडे हाती येऊन त्यांचे मूळ पाते जुळेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये.

पंपाच्या आधीची वाट तुलनेने सोपी आहे. सी-कॉक अधूनमधून पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा, म्हणजे तो जाम होत नाही. गाळणीतील शेवाळ व प्लॅस्टिक काढावे आणि झाकण बसवताना त्याचे रबर नीट बसले आहे का ते पाहावे, कारण पंपाच्या ओढण्याच्या बाजूला फट राहिली तर पाणी बाहेर गळण्याऐवजी हवा आत येते आणि अशी फट डोळ्यांना दिसत नाही. याच बाजूचा होज पाइप आतून सैल झाला असेल, तर वेग वाढवताच तो चपटा होऊन स्वतःच वाट अडवतो.

खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनांचा दुसरा शत्रू क्षार आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि पाणी 60 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापले की त्यातील कॅल्शियमचे थर धातूवर भराभर जमू लागतात. समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरवणाऱ्या इंजिनांत कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट बसवतात तो यासाठीच. आउटबोर्ड वापरून झाल्यावर तो गोड्या पाण्याने धुवावा. पाणी घेण्याच्या जाळीवर कान (नळाला जोडलेल्या रबरी वाट्या) बसवून धुताना आधी नळ सोडावा आणि मगच इंजिन चालू करावे, पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) कोणालाही उभे राहू देऊ नये आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन मंद गतीने चालू ठेवावे, अन्यथा गोडे पाणी ब्लॉकच्या आतल्या भागापर्यंत पोहोचतच नाही. काही आउटबोर्डवर धुण्यासाठी वेगळे तोंड दिलेले असते आणि त्यांपैकी अनेकांत इंजिन बंद ठेवूनच पाणी सोडायचे असते, म्हणून पुस्तिका पाहणे आवश्यक आहे. इनबोर्डची गोष्ट उलटी आहे: इंजिन बंद असताना नळाचे पाणी दाबाने आत सोडले, तर एक्झॉस्टचा मफलर भरून पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकते, म्हणून तिथे पाणी सोडण्याआधी इंजिन सुरू करावे आणि इंजिन बंद करण्याआधी पाणी बंद करावे.

हीट एक्स्चेंजरमध्ये जस्ताचा छोटा ॲनोड बसवलेला असतो, जो स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. तो निम्मा झिजला की बदलावा, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र खाऱ्या पाण्यात वर्षभर राहूनही तो मुळीच झिजला नसेल, तर आनंद मानण्याचे कारण नाही. त्याचा धातूशी विद्युत संपर्क तुटलेला असण्याची शक्यता जास्त आहे. त्याच्या आट्यांवर गळती थांबवणारी टेप गुंडाळणे हे त्याचे एक नेहमीचे कारण असते.

कूलंटबद्दल थोडक्यात सांगायचे, तर त्याचा रंग चांगला असला तरी गंज रोखणारी त्यातील द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून ते मुदतीनुसार बदलावे, वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकमेकांत मिसळू नये आणि दाबाचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे. बेल्ट, क्लॅम्प आणि होज पाइप यांवरून हात फिरवण्यास फारसा वेळ लागत नाही.

वाटेच्या शेवटी पाणी जिथून बाहेर पडते, ती जागा रोज पाहावी. आउटबोर्डची धार अचानक बारीक झाली, तर इंजिन बंद करून तिचे छिद्र प्रथम पातळ नायलॉनच्या दोऱ्याने साफ करावे, कारण अनेकदा अडथळा तेवढाच असतो. ही धार मुख्य प्रवाहाचा केवळ एक फाटा आहे, त्यामुळे ती जोरात असली तरी सर्व काही ठीक असल्याची ती हमी देत नाही. इनबोर्डच्या एक्झॉस्टमधून पाणी कमी आणि वाफ जास्त येऊ लागली, तर एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळण्याचा कोपरा (वाकडी नळी) उघडून पाहावा. तिथे काजळी व क्षार एकत्र साचतात आणि सुईला त्याचा पत्ता उशिरा लागतो.

दोष शोधताना वेगाकडे लक्ष दिले, तर बरेच श्रम वाचतात. मंद गतीवर इंजिन तापते आणि वेग वाढवल्यावर शांत होते, तेव्हा संशय बहुधा झिजलेल्या इम्पेलरवर घ्यावा, कारण कमी फेऱ्यांत तो पुरेसे पाणी ओढू शकत नाही. याउलट मंद गतीवर ठीक असलेले इंजिन पूर्ण वेगात तापू लागले, तर गाळणी, चपटा होणारा होज पाइप, क्षारांनी भरलेल्या नळ्या आणि एक्झॉस्टचा कोपरा या क्रमाने शोध घ्यावा, आणि थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून तो आपल्या ठरलेल्या तापमानाला उघडतो का हे पाहिल्याशिवाय नवा विकत घेऊ नये.