मामांचा आय३ : पाच हजारांत काय बदललं, काय मुद्दाम तसंच ठेवलं

आधी मशीनची कुंडली. इंटेलचा कोअर आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. या प्रोसेसरची हॅसवेल, म्हणजे इंटेलची चौथी पिढी २०१३ साली बाजारात आली, त्यानंतर लवकरच हे असेंबल करून घेतलेलं. मालक माझे मामा, मुक्काम मिरज, धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवडणूक आली की हँडबिलं. सगळं काम कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर आणि श्रीलिपीच्या मराठी फॉन्टांवर. मामांचा प्रश्न एकच होता : "यात पैसे घालू, का नवीनच घेऊ रे?" आणि पाच हजारांच्या वर जायचं नाही, ही अट.

'लिनक्स टाका' हा सल्ला येणारच, म्हणून आधीच सांगतो. मामांच्या वर्षानुवर्षांच्या फायली युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फॉन्टांत आहेत. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक पत्रिकेतली जोडाक्षरं पुन्हा तपासत बसायला लग्नसराईत वेळ कुणाला? म्हणजे विंडोजच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर, तेही टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल तर. आपली पिढी चौथी. जुगाड करून ११ चढवता येतं, पण ज्या मशीनवर घर चालतं तिथे मला तो नको होता. ठरलं असं की विंडोज १० च ठेवायचं, आणि सपोर्ट नाही म्हणून हे मशीन फक्त डीटीपीचं. मेल, बँक, व्हॉट्सॅप फोनवर, आणि गिऱ्हाइकाची फाइल आली की आधी स्कॅन.

खरेदीच्या आधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघितलं. पत्रिकेची जड फाइल उघडायला लावली आणि टास्क मॅनेजर समोर ठेवला. प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत, डिस्क मात्र १०० टक्के. गंमत म्हणजे त्याच वेळी डिस्कचा वेग सेकंदाला जेमतेम एक एमबी. पुष्कळ जण इथे गोंधळतात : १०० टक्के बिझी, आणि काम इतकंसंच कसं?

गणित सोपं आहे. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला आणखी आठ-नऊ. एका मागणीला साधारण १३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला फार तर ७५-८० मागण्या. विंडोज बारीकसारीक ४ केबीचे तुकडे इकडून-तिकडून मागत असेल, तर हिशोब होतो सेकंदाला ३०० केबीच्या आसपास. एकसलग मोठी फाइल कॉपी करताना हीच डिस्क शंभरच्या वर एमबी देते, म्हणून तेवढाच आकडा बघणाऱ्याला ती ठणठणीत वाटते.

त्यात रॅम ४ जीबी. निम्मी विंडोजच खाऊन बसतं, उरलेल्या निम्मीत कोरल आणि फोटो. रॅम संपली की पेजफाइल, म्हणजे रॅमऐवजी वापरलेली डिस्कवरची जागा, आणि तीही त्याच डिस्कवर. रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्ट्सचा (रॅममध्ये नसलेलं डिस्कवरून किती वेळा आणावं लागलं त्याचा) आलेख बघितलात तर हे नागडं दिसतं. शिवाय डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने सी५, म्हणजे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे), पिवळ्यात दाखवले. मग वाद उरला नाही. सगळ्यात आधी मामांचा कामाचा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी केला आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

पहिला बदल एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क. साधी अडीच इंची, साटा केबलवर चालणारी, ४८० जीबीची. एनव्हीएमई ही जास्त वेगवान जात का नाही? तिच्यासाठीचा एम.२ स्लॉटच या बोर्डावर नाही. पीसीआय एक्सप्रेसचं ॲडॉप्टर लावता येतं, पण त्या काळातले बहुतेक बोर्ड बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) फेरफार केल्याशिवाय एनव्हीएमईवरून बूट होत नाहीत. आणि पीसीआय एक्सप्रेसचा रिकामा असलेला छोटा एक्स-१ स्लॉट २.० पिढीचा, त्यातून सेकंदाला ५०० एमबीच्या वर काही जात नाही. तेवढा वेग साटाही देते. मग कशाला उद्योग?

पोर्ट मात्र बघून निवडा. एच८१ मध्ये साटाचे चार पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ जीबीपीएसचे. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. पोर्टशेजारी बोर्डावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते टॉर्च मारून वाचा. बायोसमध्ये साटा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवर होता, तो इन्स्टॉल करण्याआधीच एएचसीआय या नव्या पद्धतीवर आणला. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, न करता कोरं विंडोज टाकलं, कारण आजारी डिस्कवरून क्लोन घेण्यात अर्थ नव्हता. कोरलच्या आणि फॉन्टच्या मूळ सीड्या मामांनी गणपतीच्या आरतीसंग्रहाशेजारी जपून ठेवल्या होत्या, ही त्यांची शिस्त कामी आली. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. ती लावलेली राहिली तर विंडोज कधीकधी बूट लोडर (मशीन सुरू करणारा भाग) जुन्या डिस्कवरच ठेवतं, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन उठतच नाही.

दुसरा बदल रॅम. आधी एसएसडीवर चार दिवस काम करू दिलं आणि मग रॅम लावली. दोन्ही एकदम बदललं असतं तर कशाने काय झालं ते कळलंच नसतं. बोर्डावर दोन स्लॉट, कमाल १६ जीबी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या मशीनमधून काढलेली ८ जीबीची पट्टी घेतली आणि महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरजेला नेली. आधीच्या ४ सोबत १२ झाली. जोडी असमान असली तरी इंटेलचा रॅम सांभाळणारा कंट्रोलर दोन्हीकडचे चार-चार जीबी ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकदम, चालवतो, वरचे चार तेवढे सिंगलमध्ये. प्रोसेसरमधल्या एचडी ४४०० ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्याने हा फायदा तिथेही लागतो.

डीडीआर३ घेताना एक सापळा आहे. संशय यावा इतक्या स्वस्त ८ जीबीच्या पट्ट्यांवर बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' लिहिलेलं असतं. त्यातल्या चिपांची रचना इंटेलच्या कंट्रोलरला चालत नाही, बोर्ड डिस्प्लेच देत नाही. सर्व्हरमधली रजिस्टर्ड ईसीसी रॅमही इथे बाद. दुकानदाराकडून बदलून द्यायचा शब्द घ्या आणि घरी रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावा.

किरकोळ कामं दोन, पण ती मला सगळ्यात जास्त आवडली. मशीन दर वेळी तारीख विसरायचं आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट चुकीचं म्हणायचा. बोर्डावरचा तारीख सांभाळणारा सीआर२०३२ सेल बदलला, चहा-वड्याच्या पैशांत काम झालं. मग कूलर. चारही पिना बाणाच्या दिशेने फिरवून उचलल्या आणि कूलर किंचित पिळत सोडवला. खालची प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी, नख लावलं की पापुद्रे निघत होते. आयसोप्रोपिलने पुसून मटाराएवढी नवी पेस्ट ठेवली. पिना परत बसवताना समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का ते बोटाने चाचपायचं. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो. पीडीएफ एक्सपोर्ट करताना तापमान ऐंशीच्या वर जायचं, आता साठीच्या आसपास राहतं.

आता जे घेतलं नाही ते. मामेभावाला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. त्याला एसएमपीएसचं लेबल दाखवलं. वर ठळक '४५० वॉट', खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रेलसमोर (वीजवाहिनीसमोर) १२ अँपिअर. म्हणजे १४४ वॉट, तेही लेबल खरं बोलत असेल तर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच रेलवर जगतात. जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड ७५ वॉटचं आहे आणि ते मी या सप्लायवर लावणार नाही. जीटी १०३० तीस वॉटमध्ये भागतं, पण त्यातलं डीडीआर४ वालं कुणी गळ्यात मारलं तर मेमरीचा वेग जीडीडीआर५ वाल्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. आणि मुळात पत्रिकेच्या कामात कार्डाला करायला काही नाही.

फरक किती पडला? चालू केल्यापासून कोरल उघडेपर्यंत आधी मामांचा चहा व्हायचा. आता अर्ध्या मिनिटात पत्रिका समोर. यातला बहुतेक वाटा एसएसडीचा. रॅमचा फरक दोन-तीन जड फायली एकदम उघडल्यावरच जाणवतो, पण तेव्हा चांगला जाणवतो. एका जागी मात्र काहीच बदललं नाही : मोठ्या फ्लेक्सचं पीडीएफ एक्सपोर्ट. तिथे प्रोसेसरच शंभरवर जातो, दोन कोरचा दम तेवढाच.

म्हणून पुढची पायरी सेकंडहँड आय५-४५७०, खरे चार कोर. आय७-४७७० त्याच सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खाचेत) बसतो, पण सॉकेटमधला सर्वात वरचा वर्ग म्हणून जुन्या बाजारातही त्याचा भाव उतरत नाही. ४५९० किंवा ४७९० स्वस्तात मिळाला तर बायोस आधी तपासावा लागेल. हॅसवेल रिफ्रेश, म्हणजे त्याच पिढीची नंतरची आवृत्ती, आहेत ते, एच८१ च्या सुरुवातीच्या बायोसला ओळखू येत नाहीत. बजेटमधले सातशे-आठशे अजून शिल्लक आहेत, पण ते आधी एसएमपीएसकडे जातील. आत्ताचा आय३ ५४ वॉटचा, आय५ ८४ चा. नवा सप्लाय आणि तांब्याचा गाभा असलेला कूलर हातात आल्याशिवाय प्रोसेसरला हात लावणार नाही, आणि लग्नसराई संपेपर्यंत मामाही कॅबिनेट उघडू देणार नाहीत.